फोटोच्या मागची बाजू : फाइन आर्ट्सच्या दालनापासून घरच्या अल्बमपर्यंत



रोज सकाळी कमाटीबागेत फिरायला जाणारे आपल्या मंडळात पुष्कळ आहेत. बागेपासून चार पावलांवर पुष्पबागेत महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे फाइन आर्ट्स आहे, हेही सर्वांना ठाऊक आहे. पण आत जाऊन तिथले प्रदर्शन किती जणांनी पाहिले, असे विचारले तर हात फारसे वर येणार नाहीत. आमचेही अनेक वर्षे तसेच होते. बँकेत नोकरीला असताना त्या फाटकावरून हजारदा स्कूटर गेली असेल, पण आत जाणे झाले ते निवृत्तीनंतर. आता आम्ही सहा-सात ज्येष्ठ मंडळी वर्षातून दोन-तीनदा तरी एकत्र जातो. विशेषतः फोटोंचे प्रदर्शन असले की आवर्जून जातो.

हा लेख लिहिण्याची कारणे दोन. फोटोंचे प्रदर्शन कसे पाहावे हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. हळूहळू समजले ते तुम्हालाही सांगावे, हे एक. दुसरे कारण आपल्या घरच्या आणि मंडळाच्या कपाटातील फोटोंचे आहे. ते शेवटी येईल, पण खरे महत्त्व त्याचेच आहे.

बडोद्याचे आणि कॅमेऱ्याचे जुने नाते

फोटोग्राफी ही आपल्या शहरात कालपरवा आलेली गोष्ट नाही, आणि तिच्याशी मराठी माणसाचा संबंधही जुना आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने इथे कलाभवन सुरू झाले. हाताला काम शिकवणारी संस्था असावी, हा त्यामागचा विचार होता. विद्यापीठाचे आजचे इंजिनिअरिंग कॉलेज आपण अजूनही ‘कलाभवन’ म्हणूनच ओळखतो, ते त्यामुळेच.

त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच पुढचे दादासाहेब फाळके, याच कलाभवनात शिकले. मुंबईच्या जे. जे. स्कूलनंतर ते बडोद्यास आले. इथे चित्रकला शिकता शिकता १८९०च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. गज्जर यांनी त्यांची आवड ओळखली, त्यांना कलाभवनाचा फोटो स्टुडिओ वापरू दिला आणि ब्लॉक तयार करण्याचे तंत्र शिकण्यासाठी रतलामला पाठवले. पुढे फाळक्यांनी फोटोग्राफरचा व्यवसायही केला. तो फारसा चालला नाही. फोटो काढला की आयुष्य कमी होते, ही समजूत त्या काळी लोकांच्या मनात घट्ट होती आणि तिचा त्यांना त्रास झाला, असे सांगतात. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला, त्यामागचे कॅमेऱ्याचे पहिले धडे मात्र आपल्या बडोद्यातले. शिकणाऱ्याच्या हाती संस्थेने साधन दिले तर काय होऊ शकते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला तरी माहीत नाही.

विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले आणि १९५० साली फाइन आर्ट्स सुरू झाले. सुरुवातीच्या अध्यापकांत नारायण श्रीधर बेंद्रे होते. त्यांचा जन्म इंदूरचा, म्हणजे आपल्यासारख्याच महाराष्ट्राबाहेर रुजलेल्या मराठी समाजातला. त्यांनी चित्रकला विभाग उभा केला आणि पुढे ते फॅकल्टीचे डीनही झाले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांत भावनगरहून आलेले एक विद्यार्थी होते, ज्योती भट्ट. ते पुढे तिथेच अध्यापक झाले. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा शहरातल्या वर्तमानपत्रांत आपण सर्वांनी वाचलेच आहे.

ज्योतीभाई मूळचे चित्रकार आणि मुद्राचित्रकार. १९६७ साली गुजरातच्या लोककलेवरील एका परिसंवादाच्या निमित्ताने त्यांनी खेड्यापाड्यांतील कलेचे फोटो काढले आणि तेथून पुढे तो नादच लागला. शिल्पकार राघव कनेरिया यांच्यासारख्या मित्रांबरोबर ते गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशातली गावे हिंडले. लिंपलेल्या भिंतींवरची चित्रे, दारातल्या रांगोळ्या, बायकांच्या हातांवरचे गोंदण, असे सगळे त्यांनी टिपले. भिंत पुढच्या दिवाळीला पुन्हा लिंपली जाणार, रांगोळी संध्याकाळपर्यंत पुसली जाणार आणि गोंदण त्या बाईबरोबरच जाणार, हे त्यांना दिसत होते. त्यातल्या कित्येक भिंती आज उभ्याही नाहीत. फोटो आहेत म्हणून त्या तशा होत्या हे कळते.

त्यांनी आणखी एक काम केले. त्याकडे लोकांचे लक्ष कमी जाते. फाइन आर्ट्समधले रोजचे जीवन, म्हणजे शिक्षक, विद्यार्थी, वर्ग, जत्रा, हेही त्यांनी वर्षानुवर्षे टिपले. कोण, कुठे, केव्हा याची नोंद असलेला हा साठा हाँगकाँगच्या एशिया आर्ट अर्काइव्ह या संस्थेने डिजिटल रूपात जतन केला आहे. बडोद्यातल्या एका अंगणाचा इतिहास जगात कुठेही बसून पाहता येतो, तो या फोटोंमुळे.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या जहांगीर कलादालनात चित्रकारांनी काढलेल्या फोटोंचे एक प्रदर्शन झाले होते. त्यात बडोद्याच्या कलावंतांचा मोठा वाटा होता. त्या काळी फोटो ही ‘कला’ मानायची की नाही यावरच वाद होत असत. फोटो म्हणजे लग्नाचा, नाहीतर पासपोर्टचा, अशी आपलीही समजूत होतीच की.

होमाई व्यारावाला यांचे नावही इथे घ्यायला हवे. देशातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्या ओळखल्या जातात. स्वातंत्र्याच्या काळातले त्यांचे दिल्लीतले फोटो पाठ्यपुस्तकांपासून सगळीकडे दिसतात. १९७०च्या सुमारास त्यांनी कॅमेरा कायमचा खाली ठेवला आणि पुढे २०१२ साली निधन होईपर्यंत त्या बडोद्यातच राहिल्या. इतकी वर्षे त्या आपल्या शहरात, स्वतःची कामे स्वतः करत, गाजावाजा न करता राहत होत्या. आणि २०११ साली पद्मविभूषण मिळाले तेव्हा कुठे आपल्यातल्या अनेकांना कळले की त्या इथेच आहेत.

दालनात गेल्यावर काय पाहावे

फाइन आर्ट्सच्या आवारात प्रदर्शनाचे दालन आहे. तिथे कधी विद्यार्थ्यांचे, कधी अध्यापकांचे, कधी बाहेरच्या नामवंतांचे काम मांडलेले असते. शैक्षणिक वर्षाच्या शेवटी विद्यार्थ्यांचे वार्षिक प्रदर्शन भरते, तेव्हा वर्गखोल्याही पाहता येतात. कोणते प्रदर्शन केव्हा आहे हे जाण्यापूर्वी विचारून घ्यावे, म्हणजे फेरी फुकट जात नाही.

पहिल्या खेपेला आम्ही पंधरा मिनिटांत सगळे पाहून बाहेर आलो होतो. बँकेतल्या सवयीने कागद बघितला, पान उलटले, पुढचा कागद. दुसऱ्या खेपेला तिथल्याच एका विद्यार्थ्याने समजावून सांगितले, तेव्हा दीड तास पुरला नाही. त्याने जे सांगितले ते थोडक्यात असे.

पहिली गोष्ट, फोटो भिंतीवर कसा आहे ते पाहावे. फोटोचा मध्य बहुतेक वेळा जमिनीपासून साधारण दीडशे सेंटिमीटरवर ठेवतात, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेच्या रेषेत. फोटोभोवती जाड पांढऱ्या पुठ्ठ्याची चौकट असते, तिला माउंट म्हणतात. ती फक्त शोभेची नसते. काच आणि फोटो यांच्यात अंतर ठेवण्याचे काम ती करते. काचेला चिकटलेला फोटो दमट हवेत काचेलाच धरून बसतो आणि सोडवताना फाटतो. आपल्या घरात आजोबांच्या तसबिरीचे असे झालेले पुष्कळांनी पाहिले असेल. हा पुठ्ठाही आम्लरहित घेतात, कारण साधा पुठ्ठा काही वर्षांत फोटो पिवळा करतो. दिवेही मुद्दाम मंद ठेवतात. प्रकाशाने फोटो उमटतो आणि फार प्रकाशाने तोच उडून जातो.

दुसरी गोष्ट, शेजारची चिठ्ठी वाचावी. तिच्यावर नाव, शीर्षक, साल आणि माध्यम असते. माध्यम म्हणजे फोटो कागदावर कसा आला ते. ‘सिल्व्हर जिलेटिन’ लिहिले असेल तर तो डार्करूममध्ये हाताने तयार केलेला कृष्णधवल फोटो. कागदावर चांदीच्या क्षारांचा थर असतो. निगेटिव्हमधून त्यावर प्रकाश टाकतात, मग डेव्हलपरच्या ट्रेमध्ये तो कागद सोडतात आणि लाल दिव्याच्या उजेडात कोऱ्या कागदावर चेहरा हळूहळू वर येतो. लाल उजेडाचा त्या कागदावर परिणाम होत नाही, म्हणून लाल दिवा. नंतर हायपोच्या द्रावणात फोटो पक्का करतात आणि वाहत्या पाण्यात भरपूर धुतात. हे धुणे कमी पडले तर फोटो वीस-तीस वर्षांनी तपकिरी पडतो. जुन्या स्टुडिओंचे काही फोटो आजही कालच्यासारखे दिसतात आणि काही डागाळतात, त्यामागे अनेकदा हेच कारण असते. चिठ्ठीवर ‘पिगमेंट प्रिंट’ लिहिले असेल तर तो संगणकावरून चांगल्या शाईने छापलेला आहे, असे समजावे.

कधी कधी चिठ्ठीवर ३/१० असा आकडा असतो. आम्हाला वाटले, गुण दिले असतील, विद्यार्थी हसला. त्या फोटोच्या एकंदर दहाच प्रती काढायच्या ठरल्या आहेत आणि ही तिसरी, असा त्याचा अर्थ. फोटोच्या प्रती कितीही काढता येतात, म्हणून संख्येवर स्वतःहून घातलेले हे बंधन. नोटा छापण्यावर बंधन नसेल तर नोटेची किंमत काय राहील, हे आम्हा बँकवाल्यांना वेगळे सांगायला नको.

विद्यार्थी आणि मुरलेला व्यावसायिक, एकाच भिंतीवर

विद्यापीठाच्या दालनाची खरी मजा आम्हाला यात वाटते. मुंबई-दिल्लीच्या गॅलरीत नावाजलेल्यांचेच काम दिसते. शाळेच्या प्रदर्शनात फक्त शिकणाऱ्यांचे. इथे दोन्ही पाहायला मिळते, आणि एकामुळे दुसरे जास्त समजते.

मुरलेल्या फोटोग्राफरचे काम पाहताना आपल्याला तो एक फोटो दिसतो. त्यासाठी टाकून दिलेले दिसत नाहीत. फिल्मच्या काळात एका रोलमध्ये ३६ फोटो निघत. सगळ्या पट्ट्या एकाच मोठ्या कागदावर ओळीने छापून घेत, तिला कॉन्टॅक्ट शीट म्हणतात. त्यावर भिंग धरून फोटोग्राफर बसे आणि एखाद्याच फोटोवर लाल पेन्सिलीने खूण करी. बाकीचे तसेच राहत. एखाद्या प्रदर्शनात अशी शीट मांडलेली असली तर तिच्यापाशी अवश्य थांबावे. माणूस नुसते फोटो काढून फोटोग्राफर होत नाही, निवडून होतो, हे तिथे कळते.

विद्यार्थ्यांच्या कामात उलटे असते. निवड अजून कच्ची असते, एकाच विषयाचे पाच फोटो लावलेले असतात, कधी शीर्षक फार मोठे आणि फोटो लहान असतो. पण त्यांचे विषय आपल्या अंगणातले असतात. मांडवीतला तांब्या-पितळेचा बाजार, कलाबाहेरच्या टपरीवरची संध्याकाळ, होस्टेलची खोली, आजीची औषधे ठेवण्याची फळी. नामवंत माणूस ज्याच्याकडे वळून पाहणार नाही, तेच या मुलांना दिसते.

गेल्या खेपेचा अनुभव सांगितल्यावाचून राहवत नाही. एका विद्यार्थिनीने शहराच्या जुन्या भागातला एक वाडा पाडला जाण्यापूर्वी त्याचे बारा फोटो काढले होते. लाकडी जिना, माजघरातला झोपाळ्याचा कडा, भिंतीतले कोनाडे, मागच्या चौकातला हौद. प्रत्येक फोटोखाली तारीख होती, आणि पाडकाम सुरू होण्याला किती दिवस राहिले होते तो आकडा. आमच्यातले एक स्नेही त्या जिन्याच्या फोटोसमोर उभे राहिले ते हलेनात. त्यांचे बालपण त्याच वाड्यात भाड्याने गेले होते. ते एवढेच म्हणाले, “तिसरी पायरी वाजायची.”

ती मुलगी जवळच उभी होती. गुजराती घरातली, आपल्या नातीच्या वयाची. तिने विचारले, “काका, तमे त्यां रहेता हता?” आणि लगेच वही उघडली. कोनाड्यात काय ठेवत, हौदाचे पाणी कुठून येई, झोपाळा कोणत्या सालापर्यंत होता, घरात किती बिऱ्हाडे होती. स्नेह्यांच्या नावाचे स्पेलिंगसुद्धा विचारून लिहून घेतले. मोठ्या कोनाड्यात गणपती बसायचा हे तिला माहीत नव्हते. ती म्हणाली की खालच्या चिठ्ठीत आता ते लिहिते.

परत येताना रिक्षात कोणी फारसे बोलले नाही. त्या परक्या मुलीने आमच्या माणसाला दहा मिनिटांत जे विचारले, ते आम्ही आमच्याच घरातल्या वडीलधाऱ्यांना आयुष्यभरात विचारले नव्हते.

आपल्या कपाटातला फोटो

आता दुसऱ्या कारणाकडे येतो.

मंडळाचे जुने कपाट आवरताना एका पाकिटात एक मोठा कृष्णधवल फोटो सापडला. गणेशोत्सवातल्या नाटकाचा असावा. रंगवलेला पडदा, पुढे बसलेले आणि मागे उभे असलेले मिळून चौदा जण, दोघांनी स्त्रीपार्ट केलेला दिसतो. फोटो उत्तम आहे. कुठे डाग नाही. मागची बाजू मात्र कोरी. नाटक कोणते, साल कोणते, माणसे कोण, काहीच लिहिलेले नाही.

आम्ही तो घेऊन दांडिया बाजारातल्या दोन-तीन जुन्या घरी गेलो. बरीच खटपट करून चौदांपैकी पाच नावे मिळाली. जिथे गेलो तिथे एकच ऐकायला मिळाले, “आमच्या काकू असत्या तर त्यांनी सगळी सांगितली असती.” त्या काकू जाऊन दीड वर्ष झाले होते. फोटो त्याआधीही तिथेच कपाटात होता, काकूही दोन गल्ल्या पलीकडेच राहत होत्या. फक्त कोणी फोटो घेऊन त्यांच्याकडे गेले नाही.

बँकेत सही-तारीख नसलेले व्हाउचर आले तर आम्ही ते घेत नसू. रक्कम खरी असली तरी ती कोणाच्या खात्यात घालायची? नावाविना फोटोचे तसेच आहे. चेहरा खरा आहे, पण तो कोणाच्या घरात जमा करायचा ते कळत नाही. राहिलेले नऊ जण कोणाचे तरी आजोबा आहेत. त्यांची नातवंडे कदाचित हाच लेख वाचत असतील आणि त्यांनाही ठाऊक नसेल.

पुराचीही भीती आहे. २०१९च्या जुलैअखेर आणि २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी कोणाकोणाच्या घरात किती चढले ते आपण पाहिले. फ्रिज, सोफे नवे आले. खालच्या कपाटातले अल्बम मात्र गेले ते गेलेच.

काय करता येईल

दालनात जे पाहिले त्यातलेच काही घरी करता येण्यासारखे आहे. खर्च जवळजवळ नाही.

१. आधी नावे, मग बाकीचे. घरातल्या सर्वांत वडील माणसाकडे फोटो घेऊन बसावे. एका वेळी दहा-पंधराच घ्यावेत, जास्त घेतले तर ते थकतात. ते बोलत असताना मोबाइलवर आवाज नोंदवून ठेवावा. नाव सांगता सांगता गोष्टही निघते आणि ती पुन्हा तशी निघत नाही.

२. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहावे. कोण (डावीकडून उजवीकडे), कुठे, कोणते साल, काय प्रसंग. नक्की साल माहीत नसेल तर ‘सुमारे’ लिहावे. बॉलपेनने लिहू नये. दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई पसरते. गुळगुळीत प्लास्टिकसारख्या पाठीवर पेन्सिल उमटत नसेल तर वेगळ्या कागदावर लिहून तो कागद फोटोबरोबर पाकिटात ठेवावा.

३. बहुवचन आणि टोपणनावे सोडवून लिहावीत. ‘आत्या आणि मंडळी’ असे लिहिलेले वाचून पन्नास वर्षांनी कोणालाही बोध होणार नाही. आत्याचे माहेरचे आणि सासरचे, दोन्ही नावे लिहावीत.

४. पारदर्शक चिकट पानांचे अल्बम १९८०-९०च्या काळात आपण सर्वांनी हौसेने घेतले. त्यातला डिंक फोटो खातो. सहज निघतात ते फोटो काढून कागदी पाकिटात ठेवावेत. निघत नसतील तर ओढू नयेत, पानासकट त्यांचा फोटो घ्यावा.

५. रंगीत फोटो आधी हाताळावेत. १९७०-८०च्या दशकातले रंगीत फोटो लालसर होत चालले आहेत, कारण त्यातला निळसर रंग आधी उडतो. आजोबांचा कृष्णधवल फोटो अजून टिकेल. मुलाच्या मुंजीचा रंगीत फोटो कदाचित टिकणार नाही.

६. स्कॅन करताना लहान फोटो ६०० डीपीआयवर करावेत आणि मागची बाजूही स्कॅन करावी. अॅग्फा क्लिक थ्रीचे बारा फोटोंचे रोल आपल्यातल्या कित्येकांच्या घरी असतील. त्यांच्या निगेटिव्ह टाकून देऊ नयेत, त्यांतून आजही प्रत निघते. स्कॅनच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरी ठेवाव्यात. एकाच लॉकरमध्ये दोन्ही किल्ल्या कोणी ठेवत नाही.

७. फोटो माळ्यावर नकोत आणि तळच्या खणातही नकोत. माळ्यावर उष्णता असते, तळाशी पाणी येते. मधला, बाहेरच्या भिंतीला न लागलेला खण बरा.

८. फोटो पाण्यात भिजलेच, तर एकमेकांना चिकटलेले ओढून वेगळे करू नयेत. चिखल लागला असेल तर स्वच्छ थंड पाण्यात हलके हलवून सुटे करावेत आणि चेहरा वर ठेवून टीपकागदावर सावलीत वाळवावेत. उन्हात नाही, इस्त्री तर मुळीच नाही. लगेच जमणार नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावेत. काही दिवस मिळतात.

मंडळाची योजना

कार्यकारिणीत यावर बोलणे झाले आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी चार ते सहा मंडळाच्या वाचनालयात फोटो घेऊन बसायचे असे ठरले आहे. मूळ फोटो कोणी ठेवून घेणार नाही. तिथल्या तिथे स्कॅन करून परत दिला जाईल. तरुण मंडळींनी स्कॅनर सांभाळायचा, ज्येष्ठांनी नावे सांगायची. ज्यांना येणे शक्य नाही त्यांच्या घरी आम्ही येऊ. चहा तुमच्याकडचा.

नाटकाचा तो फोटो वाचनालयाच्या दारापाशी लावला आहे. खाली चौदा रकाने आखून पाच भरले आहेत, नऊ रिकामे आहेत. शेजारी दोऱ्याने पेन्सिल बांधून ठेवली आहे. येता-जाता एकदा थांबून पाहावे. मागच्या रांगेत उजवीकडून दुसरे, पगडी घातलेले गृहस्थ कोणाच्या तरी घरच्या तसबिरीतले असतील, असे आम्हाला राहून राहून वाटते.

आणि फाइन आर्ट्समध्ये पुढचे फोटोंचे प्रदर्शन लागले की फलकावर सूचना लिहूच. नातवंडांनाही बरोबर आणावे. फोटोसमोर उभे राहून त्यांनी काही विचारले तर घाई करू नये, सांगावे.